आवडली म्हणायचं नाही

आमच्या दारात एक पांढरी गाडी उभी असते. पैसा माझा, कागदावर नाव माझं, आणि चालवतात आमचे हे. येणारा-जाणारा विचारतो, "कितीला पडली?" की हे पुढं होऊन सांगतात, "बेचाळीस हजार तोडले शोरूमवाल्याचे!" कितीला पडली ते सांगतच नाहीत, किती तोडले तेच सांगतात. ऐकणारा "वा वा" म्हणून टपावर थाप मारतो. मी तोवर आत जाऊन मशीनवर बसलेली असते.

मी ब्लाऊज शिवते. हर्सूलला, घराच्या पुढच्या खोलीत, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक बाया कशा असतात ते मला विचारा. पडद्याआड ब्लाऊज घालून आरशात वळून वळून बघणार, गालातल्या गालात हसणार, आणि पडद्याबाहेर आल्या की तोंड वाकडं करून, "ताई, बाही जरा चुकलीच बघा. पन्नास कमी घ्या." मला सगळं कळतं. तरी पन्नास कमी करते, कारण संध्याकाळी मलाही दुसऱ्याच्या दुकानात तेच करायचं असतं.

ते मला ह्यांनी शिकवलं. हे शेंद्र्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहेत. नट-बोल्टपासून कँटीनच्या कांद्यापर्यंत सगळं ह्यांच्या हातून जातं, आणि माल विकायला आलेला माणूस रडकुंडीला आला की ह्यांना त्या दिवशी जेवण गोड लागतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आम्ही गुलमंडीला साडी घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं एक पोपटी साडी उलगडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अय्या, किती छान!" बस्स. दुकानदारानं एक रुपया सोडला नाही. मग वर्षभर घरात तेच. पाहुणे आले की, "आमच्या हिनं एका अय्यात दोनशे रुपये घालवले." सगळे हसायचे. मी एकोणीस वर्षांची होते, मीही हसायचे. ती पोपटी साडी मी तीनदा नेसले असेन, नेसली की कानात तेच ऐकू यायचं.

तेव्हापासून नियम ठरला. दुकानात शिरायच्या आधी हे सांगणार, "तोंड आंबट ठेव." बोलणी ह्यांनी करायची, नावं मी ठेवायची. वस्तू जितकी आवडली तितकी जास्त नावं. रंग उडेल, काठ फिका आहे, झाकण हलतंय, आमच्या जावेनं ह्यापेक्षा चांगलं घेतलं. कधी चुकून हसू आलं तर हे मागून खाकरायचे. आणि शेवटचा डाव उठून जायचा. ह्यांचं गणित असं, की दुकानदार सात पावलांच्या आत हाक मारतोच. गुलमंडीला, शहागंजला कित्येकदा चौथ्या-पाचव्या पावलाला हाक आलेली मी स्वतः ऐकली आहे. कुकर, फ्रिज, लेकीच्या लग्नातली भांडी, घराच्या फरश्या, सगळं असंच आलं. सव्वीस वर्षांत मी ह्या कामात इतकी तयार झाले, की घरात भाजी चांगली झाली तरी पहिला घास घेऊन तोंड वाकडंच व्हायचं.

माझ्या मायला हे सांगितलं होतं तेव्हा ती पोट धरून हसली होती. माय अजिंठ्याला भावाकडं असते. तरुणपणी तिनं आठवडी बाजारात पाटी मांडून भाजी विकली, आम्हा दोघांना त्यावर वाढवलं. ती म्हणाली, "आगं, जी बाई वांगं हातात घेऊन नाक मुरडती ना, तीच घेऊन जाती. जिला नाय घ्यायचं ती गप पुढं जाती. तुझ्या नवऱ्याला वाटतं दुकानदाराला कळत नाय. त्याला सगळं कळतं, त्यानं आधीच वाढवून सांगितलेलं असतं." मी हे घरी येऊन सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, सासूचं शहाणपण कुठल्या जावयाला पटलंय?

पाच वर्षांपूर्वी मी स्कूटीवरून पडले. डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालते-फिरते, मशीनला मोटार बसवून घेतली त्यामुळं शिवणही चालतं, पण डाव्या पायानं जोर देऊन दाबायचं काही जमत नाही. सगळ्यात मोठी पंचाईत झाली अजिंठ्याला जायची. एसटीची पायरी चढायला मला दोन मिनिटं लागतात आणि मागचे लोक "मावशी, आवरा की" म्हणून ढकलतात. ह्यांनी न्यावं म्हटलं तर मित्राची गाडी रिकामी पाहिजे, कंपनीला सुट्टी पाहिजे, आणि सासरी मुक्काम करायचा म्हटलं की ह्यांना कंपनीतलं काम आठवतं. सकाळी गेलो तर दुपारी परत. माय बिचारी शेवटच्या घासापर्यंत वाढत असते आणि हे अंगणात उभं राहून घड्याळ बघत असतात. मायला मोतीबिंदू, आता तिला नुसत्या सावल्या दिसतात. ऑपरेशनला ती तयार नाही. मी गेले की हातानं माझं तोंड चाचपते आणि म्हणते, "वाळलीस." दर वेळी तेच, मग मी कितीही जाड झालेली असो.

तेव्हा मी ठरवलं, की आपण गाडी शिकायची.

हर्सूल तलावाकडच्या रस्त्यावर सकाळी एक म्हातारे चाचा गाडी शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं चालणं बघितलं आणि म्हणाले, "आपा, ये घुटना क्लच का नहीं है. बिनक्लच की चलाओ." त्यांच्याकडं एक जुनी, पोचे पडलेली, पण बिनक्लचची गाडी होती. डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायानं पुढं जा, उजव्या पायानंच थांब. मी महिन्याभरात शिकले. परीक्षेला साहेबानं शेजारी बसून गाडी फिरवायला लावली आणि पास केलं. लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी मायला फोन केला. म्हटलं, "माय, गाडी घेतली की मी स्वतः चालवत येणार. आणि चार दिवस राहणार."

माय म्हणाली, "मग मी पुढं बसीन. तुझ्या बाजूला." आणि तिनं गल्लीभर सांगून टाकलं. भावजय मला फोनवर म्हणाली, "अहो वन्सं, सोमवारी दूधवाल्याला सांगत होत्या, माझी लेक औरंगाबादवरून गाडी चालवत येणाराय म्हणून." नाव बदलून कितीही दिवस होवोत, माय औरंगाबादच म्हणते. तिला आवडलेली गोष्ट लपवता येत नाही, कधीच आली नाही.

पैसे माझे होते. ह्यांचा पैसा घरात आणि लेकीच्या लग्नात गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा पोस्टात होता, थोडा भिशीचा होता. सगळा मिळून आठ लाख. वर वीस-पंचवीस हजार डब्यात. ह्यांना मी एकच सांगितलं, "गाडी कुठलीही घ्या, छोटी घ्या, पण बिनक्लचची घ्या." हे म्हणाले, "व्हय गं, ठरलंय ना." आणि लगेच वही काढून कुठल्या शोरूमला कधी जायचं ते लिहायला लागले. ह्यांच्या अंगात तेव्हा जे वारं शिरलं ते मी ओळखायला पाहिजे होतं.

जालना रोडवर एका शोरूममध्ये आम्ही तीनदा गेलो. एक पंचविशीची पोरगी होती, काळा कोट घातलेली, गोड बोलायची. पहिल्या दिवशी तिनं कॉफी दिली आणि गाड्या दाखवल्या. त्यात एक निळी होती. छोटी, बिनक्लचची, बसायला उंच, त्यामुळं गुडघा फार दुमडावा लागत नव्हता. मी आत बसले आणि स्टेअरिंगला हात लावला. काय सांगू, नव्या कपड्याला पहिली कात्री लावताना होतं तसं काळजात झालं. मागून हे खाकरले.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही चालवून बघता का?" मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "बघ की." मी ती गाडी चिकलठाण्याच्या दिशेला घेऊन गेले. पोरगी शेजारी, हे मागं. गाडी अशी निघाली, की मला आवाजच आला नाही. सिग्नलला थांबले, हिरवा झाल्यावर पाय नुसता टेकवला की पुढं. मागून ट्रक आला, हॉर्न देऊन गेला, मला भीती वाटली नाही. मला एकदम दिसलं, की फुलंब्री गेली, सिल्लोड गेलं, आणि माय ओट्यावर बसली आहे. मी हसत होते म्हणे. मला कुठं माहीत! हे मागून खाकरले, एकदा नाही, तीनदा. पोरगीनं विचारलं, "सर, पाणी देऊ का?"

शोरूमला परत आलो, उतरले, आणि मी माझं काम केलं. अगदी चोख केलं. म्हटलं, "पिकअप काही खास नाही. पत्रा हलका वाटतो. खेळण्यातल्यासारखी आहे. डिकीत दोन पिशव्यासुद्धा बसायच्या नाहीत. आणि घाटात ही मागं यायची." शेवटचं तर मी कुठूनतरी ऐकलेलं होतं, खरं-खोटं देव जाणे. हे माझ्याकडं असं बघत होते, जसा मास्तर पहिल्या आलेल्या पोराकडं बघतो. आणि मला, आता सांगायची लाज वाटते, मला तेव्हा त्याचं बरं वाटलं.

मग ह्यांनी तिचा कागद घेतला आणि खिशातून लाल पेन काढला. "हँडलिंग चार्जेस? काय हँडल केलं तुम्ही? गाडी आपल्या चाकांवर येते ना?" काट. "मॅट फुकट. सीट कव्हर फुकट. विमा मी बाहेरून काढीन." काट, काट. पोरगी हसत होती, पण तिचे कान लाल झाले होते. शेवटी मॅनेजरला विचारून येते म्हणाली आणि आम्हाला आणखी एक कॉफी दिली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः आला. सगळं धरून आठ लाख पाच हजार म्हणाला. वीस हजार सोडले होते, मॅट फुकट, विमा बाहेरून चालेल. "सर, ह्या मॉडेलला मागणी आहे. ह्याच्या खाली मला खरंच जमणार नाही." ह्यांना सात ऐंशी पाहिजे होते. का सात ऐंशी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी हळूच ह्यांचा शर्ट ओढला आणि कानात म्हटलं, "वरचे माझ्याकडं डब्यात आहेत. घेऊन टाका ना." हे दातओठ खाऊन कुजबुजले, "प्रश्न पैशाचा नाय, तत्त्वाचा आहे." आणि उठलेच. मोठ्यानं म्हणाले, "चल गं. गाड्या काय दुनियेत कमी पडल्यात का? नाहीतरी हिला आवडलेली नाहीच."

पोरगीनं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, विचारल्यासारखं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. एवढं तोंड चालतं माझं, गल्लीत कुणाला ऐकत नाही, मशीनवर बसल्या जागी चार बायांना गप करते. पण सव्वीस वर्षांची सवय. मी नाक मुरडलं आणि पर्स उचलली.

शोरूमचं दार काचेचं, आपोआप उघडणारं. मी पावलं मोजत होते. एक, दोन, तीन. वॉचमननं सलाम केला. चार, पाच. गुलमंडीला ह्या पावलाला हाक येते. सहा, सात. मी मागं वळून बघितलं. ती पोरगी काचेच्या आतून हात हलवत होती, आणि तिच्या मागं ती निळी गाडी उभी होती. आठ, नऊ, पार्किंग आलं. हाक नाही. कोट घालून नोकरी करणाऱ्या पोरीला काय पडलीय रस्त्यावर येऊन ओरडायची? तिला महिन्याचा पगार मिळतो. दुकान तिच्या बापाचं नाही.

मी म्हटलं, "अहो, परत जाऊ. मला पाहिजे ती." हे म्हणाले, "आता परत गेलो तर आपली काय किंमत राहील? थांब, उद्या फोन येतोय बघ. गरजवंताला अक्कल नसते, आणि गरज त्यांना आहे." आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे रात्री-अपरात्री मोबाईल उचलून बघायचे, पण स्वतः फोन करणार नाहीत. लग्नसराई होती, माझ्याकडं सतरा ब्लाऊज पडले होते. पाचव्या दिवशी सकाळी हे कामावर गेल्यावर मी पर्समधून त्या पोरीचं कार्ड काढलं. फोन लावायच्या आधी मी पुढचं दार लावून घेतलं, जसं काही मी कुणाचं चोरतेय. म्हटलं, "ती निळी गाडी मला पाहिजे. तुम्ही म्हणाल त्या भावात."

ती म्हणाली, "मॅडम, ती परवा गेली. एक ताई आल्या होत्या, चालवून बघितली आणि म्हणाल्या, मला आवडली, द्या. पुढची यायला तीन महिने तरी, आणि किंमत वाढणार आहे. पण मॅडम, तुम्हाला तर ती आवडली नव्हती ना? सरांना मी काल फोन करून सगळं सांगितलं. सरांनी तर दुसरी बुकपण केली. तुम्हाला माहीत नाही का?"

मी फोन ठेवला. कात्री हातात होती, ती खाली ठेवली. मला आवडली, द्या. एवढंच म्हणायचं होतं. अशी बाई ह्या शहरात राहते, कदाचित माझ्याच रस्त्यानं जात असेल, आणि तिनं ते म्हटलं.

संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. पांढरी गाडी, जुन्या स्टॉकमधली, क्लचवाली, बेचाळीस हजार कमी. मी सही करून दिलेला चेक ह्यांच्या फाइलमध्येच होता, तो देऊन टाकला होता. पेढा माझ्या तोंडासमोर धरला. मी हात झटकला, पेढा भिंतीला लागला. "क्लचची? क्लचची गाडी घेतली तुम्ही? माझा पाय माहीत नाही का तुम्हाला? ऑपरेशनला दवाखान्यात कोण बसलं होतं?"

आणि ह्यांचं तोंड. ते मी विसरणार नाही. ह्यांनी मुद्दाम केलं असतं तर मला परवडलं असतं, भांडता आलं असतं. पण हे खरोखर बुचकळ्यात पडले होते. म्हणाले, "अगं, पण तुलाच नाय आवडली ना ती? किती नावं ठेवलीस त्या पोरीसमोर. खेळणं म्हणालीस. घाटात मागं येईल म्हणालीस. मला वाटलं, चालवून बघितल्यावर तुझा विचार बदलला."

"ते तुम्ही शिकवलेलं नाटक होतं!"

"व्हय, पण इतकं?" हे म्हणाले. "मला काय माहीत त्यातलं किती खरं."

सव्वीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले, त्याला मला काय आवडतं हे सांगायची वेळच कधी आली नव्हती, कारण आवडलेलं दिसू द्यायचं नाही हाच धडा. दुकानदार फसो न फसो, घरचा माणूस मात्र फसला. मी रडले, भांडले, "रद्द करा" म्हटलं. रद्द केली तर भरलेल्यातले काही कापून घेतील म्हणाले, आणि तोडलेले बेचाळीस हजारही जातील. "मी आहे ना चालवायला. आणि तुला एवढीच हौस असेल तर क्लचची शिकून घे. त्यात काय अवघड आहे?" हौस म्हणाले. मला त्या शब्दाचा आजही राग येतो.

तरी मी शिकायला गेले. हटून गेले. चाचा शेजारी बसले, मी त्या पांढऱ्या गाडीचा क्लच दाबला. तलावाच्या वळणापर्यंत सात वेळा गाडी बंद पडली. आठव्यांदा गुडघ्यात अशी कळ आली, की डोळ्यांपुढं अंधारी आली. चाचांनी हँडब्रेक ओढला, उतरून माझ्या बाजूला आले, दार उघडून उभे राहिले. घरी सोडल्यावर मी पैसे द्यायला लागले तर म्हणाले, "नक्को आपा. आज कुछ सिखाया नहीं मैंने." पंधरा दिवस गुडघा सुजून राहिला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ते असं.

त्याच सुजलेल्या गुडघ्यानं आम्ही अजिंठ्याला गेलो. नवी गाडी मायला दाखवायची, हे ह्यांनीच ठरवलं, रविवार बघून. मी मागं बसले, डावा पाय सीटवर लांब करून, खाली उशी घेऊन. मायला फोनवर मी काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? हे मात्र रस्ताभर खुशीत होते. सिल्लोडला चहाला थांबलो तिथं चहावाल्यालाही बेचाळीस हजार सांगून झाले.

भावाच्या दारात गाडी थांबली तर अर्धी गल्ली बाहेर. माय ओट्यावरून उठलीच होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. भावजयीनं तिचा दंड धरला होता, तो सोडवून ती गाडीला हात लावत लावत पुढं आली. दिवा चाचपला, आरसा चाचपला, आणि बरोबर चालवणाऱ्याच्या दारापाशी येऊन उभी राहिली. "आली गं माझी वाघीण," म्हणाली, आणि काच खाली होती त्यातून हात आत घालून तिनं ह्यांच्या तोंडावरून तो भाकरीचा तुकडा तीनदा ओवाळला. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हेही हसले. "अहो आई, मी हाय. जावई."

मायचा हात तिथंच थांबला. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग तिनं तो हात मागं घेतला, आणि गाडीच्या कडेकडेनं चाचपत मागच्या दाराशी आली. तोवर हे उतरून भावाला बॉनेट उघडून दाखवत होते. "दाजी, कितीला पडली?" भाऊ विचारत होता, आणि पुढं ते बेचाळीस हजार.

"तू मागं का बसलीस?" मायनं विचारलं. हळूच विचारलं, कुणाला ऐकू जाणार नाही असं. "मी पुढं बसणार व्हते ना तुझ्याजवळ."

मी खरं सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण बाया ऐकत होत्या, हे चार हातांवर उभे होते, आणि माझं तोंड आपोआप वाकडं झालं, तिला दिसत नव्हतं तरी झालं. मी म्हटलं, "नाय गं माय. मलाच नाय आवडलं ते गाडी चालवणं. नुसती डोक्याला कटकट. रस्ते बघ कसलेत. आणि एवढा पैसा घालून काय त्यात, खेळणं नुसतं."

मायनं तांब्या खाली ठेवला. मग माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, ओठ. वाळलीस म्हणाली नाही.

"बाई," ती म्हणाली, "मी बाजारात बसलेली बाई हाय. एवढी नावं ठेवतीस, म्हंजी लई आवडली व्हती तुला."